बावीस पावलांची हिरवळ

श्रावणात ऊनपाऊस सुरू झाला की आधी माझे गुडघे दुखायला लागतात आणि मग आठवण येते. लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे उलटं होत असेल. माझं असं आहे. विश्रामबागेतल्या आमच्या घरापुढे थोडी मोकळी जागा आहे. यंदा नातसुनेनं तिथं रोपवाटिकेतून काही आणून लावलं. शेवाळासारखं दिसणारं, जमिनीला चिकटून पसरणारं, बोटाच्या पेराएवढंही उंच न होणारं. त्याचं नाव तिनं मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी विसरले. ती उकिडवी बसून लावत होती, मी खुर्चीत बसून बघत होते. "आजी, दाट लावू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "वीतभर अंतर सोड. मधली जागा ते आपणच भरतं." तिनं मान वर करून पाहिलं. "तुम्ही लावलं होतं कधी?" मी नुसतं हो म्हटलं आणि पुढे सांगायचा कंटाळा केला. सांगायचं तर पार पलूसपर्यंत जावं लागलं असतं, आणि हल्ली मला फाटकापर्यंत जायचंही जिवावर येतं. म्हणून बसल्या जागी लिहिते आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. सहावीपर्यंत शिकलेली, अक्षर बरं, म्हणून पलूसजवळच्या एका फौजी घरात पत्रं लिहायला मला करून नेली, असं मी थट्टेनं म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं. दुसरी मोठी लढाई चालू होती. लग्नाला चार महिने होतात न होतात तोच यजमान पलटणीबरोबर समुद्रापलीकडे गेले. मागे घरात तिघं उरलो. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि मी. मामंजी आधीच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, हवालदार म्हणून घरी आलेले. दोरीवर वाळत घातलेलं धोतरसुद्धा त्यांना सरळ रेषेत लागायचं. एकुलत्या एका मुलाला पलटणीत त्यांनीच घातलं होतं. आत्याबाईंनी त्यावरून पुष्कळ दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता, असं गल्लीतल्या बायका सांगायच्या.

यजमान गेल्यावर वर्षाच्या आतच मामंजींची नजर गेली. आधी ताटातली चटणी दिसेना, मग दारातून आत येणारं माणूस ओळखू येईना. मिरजेला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर आता परत यायची नाही. परतताना मिरजेच्याच भाड्याच्या बैलगाडीत मामंजींनी फेटा सोडून पुन्हा घट्ट बांधला. मग म्हणाले, "ही गोष्ट ह्या गाडीतच ऱ्हाऊ द्यायची. गावात न्हाई बोलायची. आन् पत्रात तर न्हाईच न्हाई."

आत्याबाई रडत होत्या. "आवं, पोटच्या पोराला बी सांगायचं न्हाई?"

"न्हाई. फ्रंटवर गड्याचं चित्त घराकडं गेलं की संपलं. म्या बगितलंय. आमच्यातल्या एकाला घरनं कागूद आला, बैल गेला म्हून. त्यो खंदकात हुबा राहून त्योच इचार करत बसला. डोकं कवा वर आलं त्येचं त्येला बी कळलं न्हाई."

त्यानंतर त्यावर कुणी बोललं नाही. पत्र मी लिहायची, मामंजी सांगायचे, आणि शेवटी मोडीत सही मात्र स्वतः करायचे. सहीच्या जागी मी ज्वारीची एक काडी आडवी धरायची. तिच्या आधारानं टाक चालायचा.

घरात लपवणं सोपं होतं. भिंत, खांब, चूल, सगळं हाताच्या ओळखीचं. खरी पंचाईत अंगणाची. आत्याबाईंचं अंगण गावात नावाजलेलं. एक दिवसाआड शेणानं सारवलेलं, त्यावर गवताची काडी दिसायची नाही. पण सारवलेलं अंगण सगळीकडे सारखंच. डोळ्यांना ते देखणं वाटतं, पायांना काहीच सांगत नाही. पायरीपासून फाटकापर्यंत बावीस पावलं, हे मामंजींनी मोजून ठेवलं होतं. पण पावलं मोजून अंतर कळतं, दिशा कळत नाही. एके सकाळी पोस्टमननं फाटकातून हाक मारली. मामंजी रुबाबात उतरले, बावीस पावलं चालले आणि हात पुढे केला तो म्हशीच्या तोंडावर. गोठा डाव्या अंगाला होता. शेजारची तानूबाई कडेवर घागर घेऊन खदाखदा हसली. "हवालदार, म्हशीचं बी पत्र आलंय व्हय?" मामंजीही हसले, म्हशीला थोपटलं, जणू तिच्याकडेच निघाले होते. नंतर दिवसभर ते पायरीवर बसून होते आणि दुपारी भाकरी नको म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "पोरी, पायाला कळंल आसं कायतरी पायजे. फाटकापत्तूर."

मी म्हटलं, "दोर बांधू या का, मामंजी?"

"दोर बांधला म्हंजी गावाला दवंडीच दिली की. दगुड लावलं तर ठेचकाळीन. मऊ पायजे. कुणाला वाटावं उगं हौसंनं लावलंय." मग म्हणाले, "माजं पोरगं यील त्या दिवशी म्या ह्या पायरीपास्नं फाटकापत्तूर सरळ चालत जाणार हाय. घरात पाय टाकायच्या आदी त्येला कळता कामा न्हाई. मागनं काय कळायचं ते कळू दे."

एवढंच त्यांना हवं होतं. ऐकायला ते किती थोडं वाटतं. त्या थोड्यासाठी माझे दोन पावसाळे गेले.

हरळी लावायचा विचारही करता येत नव्हता. ज्या माणसानं उभ्या जन्मात रानातली हरळी खणून खणून काढली, त्याच्या दारात ती कोण लावणार? मग मामंजींना विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आठवलं. लहानपणी त्यावर पाय ठेवला की कसं गार लागायचं, ते सांगताना त्यांचा चेहरा सैल झाला. मी उलथन्यानं शेवाळाचे पापुद्रे खरवडून आणले, अंगणात ओळीनं थापले. पाऊस होता तोवर ते हिरवंगार राहिलं आणि मामंजी त्यावरून एकदा घसरून बसले. मग दोन दिवस कडक ऊन पडलं तसं वाळून त्याचे पापड झाले. कोंबड्यांनी उरलेलं उकरून टाकलं.

शेवटी सापडली ती मोटेच्या पाटाकडेची एक वेल. भुईसरपट, नखाएवढ्या पानांची, पेरापेराला मुळं फुटणारी. बैलांच्या पायाखाली रोज तुडवली जायची आणि तरी तशीच असायची. तिला गावात कुणी नाव ठेवलं नव्हतं. फार वर्षांनी एका वैद्यांनी ती जलपिंपळी असल्याचं मला सांगितलं. मला तेव्हा एवढंच दिसलं, की हिला तुडवलं तरी ही मरत नाही. तेव्हा मला ती जवळची वाटली.

ओळ सरळ हवी म्हणून मामंजींनी इमामचाचांना बोलावलं. ते गवंडी, मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी पायरीपासून फाटकापर्यंत सूत ताणलं, चुन्यानं खूण केली. काम झाल्यावर मामंजींकडे बघत उभे राहिले. "गड्या, कवापास्नं दिसंना झालं तुला?"

मामंजी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"सूत ताणलं तवा तू सुताकडं बगितलंच न्हाईस. तू आन् सूत न बघता ऱ्हाशील व्हय?" चाचांनी दोरी गुंडाळून खिशात घातली. "मी काय कुनाला बोलत न्हाई."

मी लावायला बसले. वीतभर अंतरावर अंगठ्यानं खड्डा, त्यात दोन पेरं, वर चिखल. कोंबड्यांसाठी बाभळीच्या फांद्यांचं आवरण. आत्याबाई पायरीवर बसून बघायच्या आणि कुढायच्या. "दारात हिरवं म्हंजी घर ओसाड. बघणारा म्हनल, हितं सारवायला बाईमाणूस उरलं न्हाई." पोरगा लढाईवर असताना दारात गवत वाढू देणं त्यांना अभद्र वाटत होतं आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. औंधच्या यमाईला त्या मनातल्या मनात सांगत असणार, की आई, हे ओसाडीचं गवत नाही, आम्ही हातानं लावलंय. पुढे पुढे त्या हिरव्या पट्ट्याच्या दोन्ही कडांनी इतक्या जपून सारवायच्या, की शेणाचा एक शिंतोडा पानावर पडायचा नाही.

मामंजी रोज विचारायचे, "किती झालं?" आणि मी पावलांत सांगायची. दसऱ्याला सहा पावलं. संक्रांतीला नऊ. उन्हाळ्यात परत सात, कारण कड वाळून गेली. भांडी घासलेलं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं तिकडे. दुसऱ्या पावसाळ्यात ती चवताळून सुटली आणि आषाढात फाटकाला जाऊन टेकली. मामंजी त्या दिवशी पहिल्यांदा एका दमात पूर्ण चालले. फाटकाच्या लाकडावर तळवा ठेवून उभे राहिले आणि मला पाठमोरेच म्हणाले, "झॅक झालंय." मला आत जाऊन रडावंसं वाटलं, पण चुलीवर दूध होतं.

मग फुलं आली. खसखशीएवढी पांढरी-जांभळी फुलं, आणि त्यांवर मधमाश्या. मामंजींच्या तळव्याला दोनदा डंख झाला. तेव्हापासून रोज सकाळी माश्या यायच्या आत मी बावीस पावलांवरची सगळी फुलं गुडघ्यांवर सरकत खुडायची. आज खुडली की उद्या तितकीच. कधी कधी वाटायचं, सगळी उपटून फेकावी आणि साताऱ्याला निघून जावं. मी एकोणीस वर्षांची होते. नवऱ्याचा चेहराही मला नीट आठवेनासा झाला होता, आणि त्याच्या बापाचं आंधळेपण मी त्याच्यापासून लपवत होते. दर पत्रात लिहीत होते, मामंजींची तब्येत ठणठणीत, नजर तर अगदी लख्ख आहे. थकवा कामाचा कमी असतो. तेच तेच खोटं नीटनेटक्या अक्षरात लिहिण्याचा जास्त असतो.

नातसून परवा म्हणाली, "आजी, याला फुलं आली तर किती छान दिसेल ना?" माझा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप खुडल्यासारखा हलला. तिला दिसलं नाही, बरं झालं.

लढाई संपली तरी यजमानांना रजा मिळायला वर्ष गेलं. मग पत्र आलं, नागपंचमीच्या आसपास येतो. मामंजींनी रोज सकाळ-संध्याकाळ पट्ट्यावरून चालण्याचा सराव सुरू केला. हात न चाचपडता, मान वर, मिशीला पीळ. गल्लीत कुणाला शंकाही आली नाही. आणि आली नाही तेच आम्हाला भोवलं.

यायचा दिवस तारेनं कळला होता. त्या सकाळी मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले होते, आत्याबाई देवळात, मामंजी मागे परसात आंघोळीला. परत येते तो अंगण भरून बायका. आमच्या गल्लीची रीत अशी, की घरात लग्नकार्य असलं की शेजारणी मिळून त्या घरचं अंगण सारवून देतात. फौजी लढाईतून परत येणार, हे त्यांच्या लेखी कार्यच होतं. तानूबाई कोपरापर्यंत शेणानं माखलेली, घामाघूम, आनंदानं फुललेली. "बग गं, कसं केलंय! आन् तुज्या दारातलं त्ये गवात बी खुरपून काडलं बघ. माणूस यायच्या दिवशी दारात रान कशाला?"

कुंपणाशी वेलीचा ढीग पडला होता. अंगण पायरीपासून फाटकापर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकसारखं, ओलं आणि सुंदर होतं. मी तानूबाईला काय सांगणार होते? सांगण्यासारखं होतं ते आम्हीच बैलगाडीत ठेवून आलो होतो. मी म्हटलं, "लय चांगलं केलंत." आणि ओल्या धुण्याचे पिळे घेऊन तशीच उभी राहिले.

मामंजींना सांगायला आत वळले तोच पोरांचा गलका झाला. "आलं! आलं! मोटारीतनं उतरलं!" मामंजी फेटा बांधून उंबऱ्यात आलेच होते. मी कसंबसं म्हटलं, "मामंजी, पट्टा काढलाय बायकांनी." त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. देवळातून परतलेल्या आत्याबाईंनी माझ्या हातात ओवाळणीचं ताट दिलं. सगळी गल्ली जमलेली. त्या काळी सुनेनं सासऱ्याचा हात धरून चारचौघांत चालायचं नव्हतं, आणि धरला असता तर सगळंच उघडं पडलं असतं.

मामंजी पायरी उतरले. पहिलं पाऊल ओल्या शेणावर पडलं आणि थांबलं. अंगठा डावीकडे सरकला, मग उजवीकडे. हवं ते सापडलं नाही. तरी मान वर ठेवून ते निघाले. चौथ्या पावलाला ते गोठ्याच्या अंगाला कलले होते. 

फाटकात यजमान उभे होते. खांद्यावर ट्रंक, वाळून काळे पडलेले. त्यांनी बापाकडे पाहिलं, बापाच्या पायांकडे पाहिलं. आत यायला उचललेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं. बूट आपटून ताठ उभे राहिले आणि मोठ्यानं ओरडले, "नायक हजर है, हवालदार साब!"

मामंजींची मान त्या आवाजाकडे वळली.

"आबा, मोटारीचं चाक विट्याला पंक्चर झालं बगा," यजमान बोलतच राहिले. "तितनं बसाय जागा न्हाई, हुब्यानंच आलो. पाऊस हाय काय वो हिकडं? रानात काय केलंय औंदा? ट्रंक लय जड हाय, आबा, पर खाली ठेवत न्हाई, तुमी या आदी." काय वाटेल ते, न थांबता. आणि त्या बडबडीच्या मागावर मामंजी चालत होते, सरळ, सुतात, थेट फाटकापर्यंत. हात पुढे केला तो मुलाच्या छातीवरच्या बटणांवर पडला. गल्ली हसत होती. तानूबाई म्हणाली, "लढाईनं पोरगं बोलकं केलं गं बाई!"

दुपारी जेवणं झाल्यावर मी यजमानांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? ते अंगणाकडे बघत म्हणाले, "दोन वर्सं झाली. आबांची सही जन्मात कवा सरळ न्हवती, शेवट कायम वर जायचा. एकदम फूटपट्टीनं मारल्यागत सरळ याय लागली. आन् तू. दर पत्रात आबांची नजर लख्ख, आबांची नजर लख्ख. इचारलं व्हतं कुणी?"

 इतक्या मेहनतीनं केलेली गोष्ट पहिल्या दिवसापासूनच फसलेली होती, हे कळल्यावर माणसाला राग येत नाही, नुसतं बसून राहावंसं वाटतं. मग ते म्हणाले, "आबांना सांगू नगंस. त्येंला वाटू दे, मला म्हाईत न्हाई." म्हणजे एक गुपित संपलं आणि दुसरं सुरू झालं. तेही माझ्याच गळ्यात.

वेल मेली नव्हती. सारवणाला तडे गेले आणि आठ दिवसांत तड्यातड्यातून हिरवी पेरं वर आली. आत्याबाईंनी तानूबाईला सांगितलं, नवसाची आहे, हात लावायचा नाही. मी पुन्हा गुडघ्यांवर बसले. यजमानांनी पलटण सोडली नाही. दर सुट्टीला आले की फाटकात थांबायचे. पाऊस असो, ऊन असो, खांद्यावर ट्रंक तशीच. मामंजी पायरी उतरून, बावीस पावलं चालून त्यांच्यापर्यंत पोचायचे, तोवर ते आत पाऊल टाकायचे नाहीत. आणि तोवर तोंडही बंद ठेवायचे नाहीत. मामंजींना काय कळलं होतं, मला सांगता येणार नाही. एकदा मात्र तळव्यानं वेल चाचपत म्हणाले होते, "पोरगं लढाईपास्नं लय बडबडाय लागलंय. बरं वाटतं."

तीन वर्षांनी, मार्गशीर्षात, मामंजी गेले. पलटण लांब उत्तरेत होती. तार पोचली, पण यजमानांना सुट्टी मिळाली ती थेट श्रावणात. मधल्या काळात आत्याबाई एकदा म्हणाल्या, "आता सारवून टाक समदं. कुणासाठी ठेवायचं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून फुलं खुडली.

श्रावणातल्या त्या दुपारी भुरभुर पाऊस होता. फाटक वाजलं. यजमान खांद्यावर ट्रंक घेऊन उभे होते. आत्याबाई पायरीवरून म्हणाल्या, "ये रं बाबा, आत ये." ते हलले नाहीत. या वेळी बोलतही नव्हते. मी म्हटलं, "भिजताय, आत या की." तरी उभेच.

मग मी पायरी उतरले. ती वेल मी लावली, जगवली, पुन्हा नव्यानं वाढवली, पण इतक्या वर्षांत तिच्यावर माझं पाऊल कधी पडलं नव्हतं. मी कायम कडेनं चालायची. त्या दिवशी अनवाणी तिच्यावरून चालत गेले. गार होती, ओली होती, आणि वाट खरोखर कळत होती. मनात मोजत होते. मामंजींना बावीस पावलं लागायची. मला अठ्ठावीस लागली, आणि मी पोचेपर्यंत त्यांनी खांद्यावरची ट्रंक खाली ठेवली नाही.